हंगामी मशीन कधी झाकायचं? गल्ला बघून नाही, हिशेब बघून!



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण हंगामी धंद्याच्या भांडवलाबद्दल बोललो. वेळेअभावी त्यात एक मुद्दा राहून गेला, तो इथे सविस्तर मांडतो. हंगामी धंदा सुरू कधी करायचा यावर सगळे सल्ला देतात. मशीन कुठून घ्यायचं, गाडी कुठे लावायची, पाटी कशी करायची, सगळं सांगतात. पण तो धंदा दरवर्षी बंद कधी करायचा, मशीन धुऊन-पुसून झाकून कधी ठेवायचं, हे फारसं कोणी सांगत नाही. आणि नव्या माणसाचे पैसे बऱ्याचदा इथेच जातात.

माझं मत आधीच स्पष्ट सांगतो. सीझन बंद करायचा नियम सीझन सुरू होण्याआधी कागदावर लिहिलेला पाहिजे. तो नियम चुकायचाच असेल तर चार दिवस लवकरच्या बाजूला चुकू दे, उशिराच्या नको. तुम्हाला हे पटेलच असं नाही. म्हणूनच पुढचं वाचा, आकडे स्वतःचे घाला आणि मग ठरवा.

आधी एका महागड्या गाडीची गोष्ट

ज्याला हा निर्णय दरवर्षी घ्यावाच लागतो असा एक माणूस बघू. जर्मनीतला स्पोर्ट्स कारचा मालक.

तुम्ही म्हणाल, सर, आमचा रसाचा गाडा आणि तुम्ही स्पोर्ट्स कारच्या गप्पा काय मारताय? थांबा, संबंध आहे. त्याची गाडीही हंगामी वस्तूच आहे. उन्हाळ्यात ती चालवायची मजा, थंडीत ती झाकून ठेवायची. प्रश्न एवढाच की झाकायची कधी?

त्याच्यापुढे तीन धोके असतात. पहिला, मीठ. थंड देशात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मिठाचं पाणी गाडीच्या खालच्या पत्र्यात, सांध्यात, ब्रेकच्या भागांत जाऊन बसतं आणि गंज धरतो. दुसरा, टायर. स्पोर्ट्स कारचे उन्हाळी टायर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतात, पकड कमी होते. तिसरा, कायदा. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा घसरण असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. उन्हाळी टायरवर बाहेर पडलात तर दंड.

आता तिथली एक सोय बघा. १९९७ पासून जर्मनीत हंगामी नंबरप्लेट मिळते. कमीत कमी २ महिने, जास्तीत जास्त ११ महिने. प्लेटच्या उजव्या कडेला सुरुवातीचा आणि शेवटचा महिना छापलेला असतो. उदाहरणार्थ वर ०४, खाली १०. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. कर आणि विम्याचा हप्ता तेवढ्याच महिन्यांचा. पण ३१ ऑक्टोबर संपला की ती गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, सार्वजनिक रस्त्याच्या कडेला उभीही करता येत नाही.

यात आपल्या कामाचं काय आहे? त्या माणसाने शेवटची तारीख डोकं थंड असताना ठरवली. ऑक्टोबरच्या शेवटी एखादा रविवार छान उन्हाचा निघाला, मित्र म्हणाले चल एक चक्कर मारू, तर त्या दिवशी त्याला मनाशी भांडावं लागत नाही. प्लेटवर लिहिलंय, विषय संपला. आणि त्या तारखेच्या आधीच थंडी पडली, रस्त्यावर मीठ टाकायला सुरुवात झाली, तर शहाणा मालक ३१ तारखेची वाटही बघत नाही. गाडी धुतो आणि आत ठेवतो. म्हणजे त्याच्याकडे दोन गोष्टी आहेत: एक पक्की शेवटची तारीख आणि त्याआधी वाजणारी धोक्याची घंटा.

आपल्या बहुतेक हंगामी धंद्यांत या दोन्ही नसतात. असतो फक्त गल्ला. गल्ल्यात संध्याकाळी नोटा दिसल्या की उद्याही दुकान उघडायचं.

आपल्याकडचं मीठ म्हणजे पाऊस

रसवंती, बर्फाचा गोळा, मटका कुल्फी, भाड्याने दिले जाणारे कूलर, किनाऱ्यावरच्या वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी, लग्नाचे मंडप, वीटभट्टी. या सगळ्यांचा हंगाम मोडतो तो पावसाने. वीटभट्टीवाल्याला तर विचारूच नका. एका रात्रीच्या पावसात कच्च्या विटांची माती होते.

मग साधा उपाय असा वाटतो की तारीख ठरवून टाकू, दरवर्षी ७ जूनला बंद. पण आता खरे आकडे बघा. मुंबईत मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते. २०२३ मध्ये तो मुंबईत पोचला २५ जूनला. २०२५ मध्ये पोचला २६ मेला! दोन वर्षांत बरोबर ३० दिवसांचा फरक. ७ जूनची तारीख धरून बसलेला माणूस २०२५ मध्ये बारा दिवस पाण्यात होता आणि २०२३ मध्ये अडीच आठवड्यांचा धंदा सोडून घरी बसला होता.

काही जण म्हणतात, केरळात मान्सून आल्याची बातमी आली की आवरायला घ्यायचं. ऐकायला बरं वाटतं, पण तेही तपासून बघू. २०२३ मध्ये मान्सून केरळात ८ जूनला आला, मुंबईत २५ जूनला. मधे १७ दिवस मिळाले. २०२५ मध्ये केरळात २४ मेला आला आणि मुंबईत २६ मेला. मधे फक्त २ दिवस! शिवाय त्या वर्षी मेच्या उत्तरार्धात त्याआधीच पावसाने झोडपायला सुरुवात केली होती. दोन दिवसांत तुम्ही उरलेला ऊस संपवणार, मोटर उतरवणार, मशीन धुऊन वाळवणार, की टेम्पो शोधणार?

म्हणून मी म्हणतो, नुसती तारीख चालत नाही आणि नुसती बातमीही चालत नाही. दोन्ही एकत्र लागतात.

तीन घंटा ठरवा

मी माझ्या प्रशिक्षणात हंगामी धंदेवाल्यांकडून तीन घंटा लिहून घेतो. घंटा म्हणजे अशी खूण, जी वाजली की विचार करत बसायचं नाही, ठरलेलं काम करायचं.

पहिली घंटा तयारीची. भारतीय हवामान खातं दरवर्षी मेच्या मध्याच्या सुमारास केरळात मान्सून कधी येईल याचा अंदाज जाहीर करतं. २०२५ मध्ये अंदाज होता २७ मेचा, चार दिवस इकडेतिकडे धरून. तो आला २४ ला, म्हणजे अंदाजाच्या आतच. हा अंदाज आला की तुमची पहिली घंटा वाजली. धंदा चालूच ठेवायचा, पण मालाची मागणी कमी करायची. तीन दिवसांचा ऊस भरत असाल तर आता एका दिवसाचा भरायचा. ताडपत्री, ग्रीस, लाकडी फळ्या आणून ठेवायच्या. टेम्पोवाल्याशी बोलून ठेवायचं. मशीन ठेवायची जागा झाडून घ्यायची.

दुसरी घंटा हिशेबाची. सलग पाच दिवस हातात उरणारी रक्कम तुम्ही ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेली की बंद. एक दिवस ढगाळ निघाला म्हणून घाबरायचं नाही. पाच दिवस सलग म्हणजे गिऱ्हाईक गेलं. आकडा कसा काढायचा ते पुढे सांगतो.

तिसरी घंटा पक्क्या तारखेची. ही तुमची नंबरप्लेट. काही धंद्यांत ती सरकारच देतं. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीला बंदी असते. किनाऱ्यावरची जलक्रीडाही मेअखेर ते ऑगस्टअखेर बंद असते. तिथे घासाघीस नाही. ज्या धंद्यात सरकारी तारीख नाही तिथे ती तुम्ही स्वतः लिहायची. पाऊस लांबला, गिऱ्हाईक चालू असलं, तरी या तारखेच्या पुढे नाही.

तिन्हीपैकी पहिली घंटा तयारीची आहे. दुसरी किंवा तिसरी, जी आधी वाजेल, तिला शटर खाली.

गल्ला म्हणजे नफा नव्हे

आता दुसऱ्या घंटेचा आकडा. रसवंतीचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला.

एप्रिल-मे मध्ये समजा रोजचा गल्ला ४,००० रुपये. ऊस १,३००, बर्फ-लिंबू-आलं ४००, मदतनीस ५००, वीज १५०. खर्च २,३५०. हातात १,६५०. छान.

जूनचा पहिला आठवडा. ढग आलेत, वारा सुटलाय. गल्ला १,२००. तुम्ही म्हणता, चला, काहीतरी तर येतंय! आता खर्च बघा. ऊस ४५०, बर्फ-लिंबू १५०, मदतनीस ५००, वीज ६०. झाले १,१६०. हातात ४० रुपये. सकाळी दहा ते रात्री दहा उभं राहून ४० रुपये. तुमच्या स्वतःच्या मजुरीचा तर यात एक रुपयाही धरलेला नाही.

इथे बारकाईने बघा, मी जागेचं भाडं धरलेलं नाही. मुद्दाम धरलेलं नाही. जागा वर्षाच्या कराराची असेल तर धंदा थांबवला तरी भाडं द्यायचंच आहे. थांबायचं की नाही हे ठरवताना फक्त तोच खर्च मोजायचा, जो थांबल्यावर खरोखर थांबतो. भाडं, कर्जाचा हप्ता, परवान्याची फी हे दोन्हीकडे सारखेच. ते मधे आणलं की डोकं गोंधळतं. 'हप्ता भरायचाय ना सर, मग दुकान उघडं ठेवायलाच पाहिजे' हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. अहो, हप्ता त्या ४० रुपयांतून भरला जाणार नाही. तो एप्रिल-मेच्या १,६५० मधून बाजूला काढून ठेवायचा होता.

कर्ज घेतानाच बँकेला सांगा की माझा धंदा हंगामी आहे, हप्ते तसे बसवून मिळतील का. प्रत्येक बँक हो म्हणेल असं नाही. पण न विचारता बारा महिन्यांचे सारखे हप्ते मान्य करून येणं हे बरोबर नाही.

लवकर चुकलं तर काय, उशिरा चुकलं तर काय

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून थोडा वेळ घेतो.

तुम्ही एक आठवडा लवकर बंद केलंत. नुकसान किती? शेवटच्या आठवड्यात धंदा उतरतीला लागलेला असतो. रोज सरासरी ३०० रुपये हातात राहिले असते असं धरू. सात दिवसांचे २,१००. गेले. पण नुकसान तिथेच संपलं.

तुम्ही एक आठवडा जास्त थांबलात आणि एका रात्री पावसाने गाठलं. मोटरमध्ये पाणी गेलं, वायंडिंग जळालं. बेअरिंग गंजले. रचून ठेवलेला ऊस आंबला. हे सगळं मिळून समजा ९,०००. दरवर्षी असं होत नाही, तीन वर्षांतून एकदा होतं असं धरा. म्हणजे वर्षाला सरासरी ३,०००.

एकीकडे २,१००, दुसरीकडे ३,०००. आकड्यांतला फरक फार मोठा नाही, पण दोन्ही नुकसानांची जात वेगळी आहे. लवकर बंद केल्याचं नुकसान ठरावीक असतं, आधी माहीत असतं, पुढच्या वर्षावर त्याची सावली पडत नाही. उशिराचं नुकसान एकदम येतं, आणि सीझनच्या शेवटी हातातले पैसे घरच्या कामांत गेलेले असताना येतं. मग काय होतं? दुरुस्ती पुढे ढकलली जाते. मशीन तसंच कोपऱ्यात पडतं. पुढच्या फेब्रुवारीत काढायला जावं तर सगळ्यांची मशीन एकाच वेळी दुरुस्तीला आलेली असतात, मिस्त्री दहा दिवस सापडत नाही, आणि ऊन तापलेलं असतं. ते दहा दिवस भर सीझनचे असतात. रोजचे १,६५० प्रमाणे १६,५०० होतात. हा आकडा कोणी वहीत लिहीत नाही.

जर्मनीतल्या त्या मालकाचाही असाच सौदा आहे. एक रविवार कमी फिरला तर एक रविवार गेला. मिठातून एकदा चक्कर मारून गाडी न धुता सहा महिने झाकून ठेवली, तर वसंतात गंज घेऊन बाहेर येते.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सर एकच बाजू मांडतात. तुमचं मशीन पक्क्या छपराखाली आहे, मोटर उंचावर बसवलेली आहे, पाऊस आला तरी फार तर ३,००० चं नुकसान, तेही तीन वर्षांतून एकदा. मग वर्षाचे १,००० विरुद्ध २,१००. अशा माणसाने तो आठवडा जरूर चालवावा. नियम सगळ्यांना सारखा नाही, हिशेब करायची पद्धत सारखी आहे.

ही शिस्त आपल्याला नवी नाही

कोणी म्हणेल, हे परदेशी शहाणपण झालं. अजिबात नाही. आपल्या कोळीवाड्यांत जाऊन बघा. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, शाकारून ठेवतात. बंदीच्या महिन्यांत जाळी दुरुस्त होतात, डागडुजी होते, रंगकाम होतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा दर्यावर जायची परंपरा आहे. म्हणजे बंद करायची वेळ ठरलेली, बंदच्या काळातलं काम ठरलेलं, सुरू करायचा दिवस ठरलेला. सगळं कॅलेंडर तयार!

रसवंतीचंच बघा. महाराष्ट्रात कुठेही जा, पाटीवर 'नवनाथ' किंवा 'कानिफनाथ' ही नावं भेटतात. कारण या धंद्यातली बरीच कुटुंबं पुरंदर तालुक्यातली, आणि कानिफनाथांचं देवस्थान तिथल्याच बोपगावचं. उन्हाळ्यात घुंगरांच्या आवाजावर शहरात धंदा करायचा आणि पाऊस आला की खरिपाच्या पेरणीला गाव गाठायचं, असं गणित या धंद्यात अनेकांनी बसवलेलं आहे. त्यांच्यासाठी पेरणी हीच पक्की तारीख होती. रसाच्या ४० रुपयांसाठी पेरणी कोण चुकवणार?

आपण नवे उद्योजक शहरात एकच धंदा धरून बसतो. थांबलो की हातात दुसरं काही नसतं, म्हणून थांबायची भीती वाटते. खरा प्रश्न तिथे आहे.

मशीन थांबवा, जागा थांबवायलाच पाहिजे असं नाही

थांबणं म्हणजे सगळं बंद असा अर्थ काढू नका. नेरळ-माथेरान मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद ठेवतात, पण अमन लॉज ते माथेरान शटल चालू असते. ताडोब्यात १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत कोअर क्षेत्र बंद, पण बफरमध्ये सफारी होते, तिथल्या जिप्सीवाल्यांना तेवढं काम राहतं. धोक्याचा भाग थांबवला, बिनधोक भाग चालू ठेवला.

तुमच्याकडे चांगल्या चौकातली जागा आहे, तर रसाचं मशीन झाका आणि तिथेच भाजलेली कणसं, चहा, भजी करा. फक्त एक पथ्य पाळा. या दुसऱ्या धंद्याचा हिशेब वेगळ्या वहीत. रसाच्या नफ्यातून भजीचा तोटा भरत बसलात तर पुढच्या सीझनला भांडवल राहणार नाही. आणि खाण्याचा पदार्थ बदलला की परवान्यात, नोंदणीत काही बदल लागतो का, हेही आधी विचारून घ्या.

गाडीवरचा धंदा असेल आणि ती व्यावसायिक नोंदणीची असेल, कर ठरावीक मुदतीने भरत असाल, तर गाडी बंद ठेवण्याआधी आरटीओला तसं कळवायची सोय आहे. गाडी उभी केल्यावर तीन महिन्यांनी जाऊन सांगण्यात अर्थ नाही, आधी जा. आपल्याकडे हंगामी नंबरप्लेट नाही, त्यामुळे विमा मात्र चालू ठेवा. पैसे वाचवायला विमा संपू दिला आणि पहिल्याच दिवशी गाडी रस्त्यावर काढताना काही झालं, तर सगळा सीझन त्यात जाईल.

झाकायचं म्हणजे नुसती ताडपत्री नाही

निर्णय वेळेवर घेतला आणि मशीन तसंच उभं केलं, तर अर्धा फायदा गेला. स्पोर्ट्स कारचा मालक गाडी ठेवताना काय करतो बघा. आधी गाडी खालून-वरून धुऊन पूर्ण वाळवतो. इंजिन ऑइल बदलतो, कारण जुन्या तेलात ओलावा आणि आम्ल असतं. बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवतो. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरतो, एका जागी दबू नयेत म्हणून. हँडब्रेक ओढून ठेवत नाही, चिकटतो. उंदरांना जायला जागा ठेवत नाही. आणि दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करायचा मोहही टाळतो. तेवढ्यात इंजिन पूर्ण तापत नाही, उलट आत पाणी साचतं.

आता हेच रसाच्या मशीनला लावा.

१. रोलर, चाळणी, ट्रे गरम पाण्याने धुवा. उसाच्या रसातली साखर राहिली की आंबते, मुंग्या येतात आणि लोखंड खाते.

२. एक दिवस उन्हात पूर्ण वाळवा. म्हणून तर पावसाआधी बंद करायचं! पाऊस सुरू झाल्यावर वाळवायला ऊन आणणार कुठून?

३. रोलरला खाण्यायोग्य तेलाचा हात, गिअर आणि बेअरिंगला ग्रीस. बेल्ट सैल करा.

४. मोटर उतरवता येत असेल तर उतरवा. जमिनीवर नको, फळीवर ठेवा.

५. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. आधी सुती कापड, वरून ताडपत्री, खालून हवा जायला जागा.

६. वायरी उंदरांपासून वाचवा.

७. जे बिघडलंय ते त्याच दिवशी कागदावर लिहा आणि कागद मशीनलाच बांधा. 'डावं बेअरिंग आवाज करतंय' हे आठ महिन्यांनी आठवत नाही.

हे सगळं एका दिवसाचं काम आहे. पण तो दिवस कोरडा पाहिजे. म्हणूनच मी चार दिवस लवकरच्या बाजूने आहे.

मदतनिसाचं काय?

एक गोष्ट आकड्यांत बसत नाही, पण ती सांगितल्याशिवाय मी हा विषय संपवणार नाही. तुमच्याकडे काम करणारा मुलगा किंवा ताई. मालक रोज संध्याकाळी आभाळाकडे बघून 'बघू उद्याचं उद्या' म्हणतो, तेव्हा त्या माणसाची अवस्था काय होते? त्याला दुसरीकडे काम धरता येत नाही, गावी जाता येत नाही. आणि एके दिवशी अचानक ऐकायला मिळतं, उद्यापासून येऊ नको.

पहिली घंटा वाजली त्याच दिवशी त्याला सांगा. काम फार तर अमुक तारखेपर्यंत आहे, त्याआधीही थांबू शकतं, शेवटच्या दिवशी सगळा हिशेब चुकता करणार आणि पुढच्या सीझनला तुझी जागा पक्की. जमलं तर मशीन धुण्याच्या दिवसाची मजुरी वेगळी द्या. असा माणूस पुढच्या फेब्रुवारीत पहिल्या फोनला येतो. नवीन माणूस शिकवण्यात जे दहा-पंधरा दिवस जातात ते वाचतात.

या आठवड्याचं काम

वाचून सोडून देऊ नका. एक वही घ्या आणि चार ओळी लिहा.

पहिली ओळ: माझ्या धंद्याचं 'मीठ' काय? पाऊस, परीक्षा, लग्नाच्या तिथी संपणं, शाळेच्या सुट्ट्या संपणं, जे असेल ते.

दुसरी ओळ: ते येण्याआधी मला कोणती खूण दिसते आणि तेव्हा मी कोणती तीन कामं करणार?

तिसरी ओळ: रोज हातात किती रुपये उरले नाहीत तर मी थांबणार? भाडं आणि हप्ता बाजूला ठेवून, स्वतःची मजुरी धरून.

चौथी ओळ: काहीही झालं तरी शेवटची तारीख कोणती?

ही चार उत्तरं घरच्यांना वाचून दाखवा. तारीख जवळ आली आणि तुम्ही 'अजून दोन दिवस' म्हणायला लागलात, की घरातलं कोणीतरी ती वही पुढे करेल. जर्मनीत ते काम नंबरप्लेट करते, आपल्याकडे आई किंवा बायको करेल, आणि जास्त चांगलं करेल!

धंदा वेळेवर थांबवणारा माणूस घाबरट नसतो. तो पुढच्या सीझनच्या पहिल्या दिवशी तयार मशीन, हातात भांडवल आणि ओळखीचा मदतनीस घेऊन उभा असतो. शेजारचा मिस्त्री शोधत फिरत असतो, तेव्हा याचा पहिला ग्लास विकला गेलेला असतो.

पुढच्या व्हिडिओत आपण बंदच्या चार महिन्यांत भांडवल कुठे ठेवायचं, हे बघणार आहोत. तोपर्यंत वही भरून ठेवा. भेटूया.